अडीच वीत पट्टी

शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ डिसेंबर २०२४

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम.

तीन वर्षं तुला पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागतो. कारण म्हणून मी कॉलेजच्या मूल्यांकनाचं नाव सांगणार होतो. ग्रंथालयातल्या एकवीस हजार पुस्तकांची नोंद संगणकावर चढवायची होती आणि सहायक ग्रंथपाल म्हणून ते काम माझ्याकडेच होतं, हे खोटं नाही. पण ते काम दीड वर्षापूर्वी संपलं, हेही खोटं नाही. उरलेल्या दीड वर्षाचं कारण नीट शोधून कळवतो.

तुझी चिठ्ठी आकाराम कंडक्टरनं परवा घरी आणून दिली. तो आमच्याच गल्लीत राहतो आणि गगनबावड्याच्या गाडीवर असतो, हे आपलं नशीब. तुमच्या वाडीत फोनला रेंज नाही, सड्यावर चढून बोलावं लागतं, तेव्हा अशा चिठ्ठ्याच बऱ्या.

मला समजलं ते असं. चुकलं असेल तर दुरुस्त कर. दिवाळीतल्या वाऱ्यानं तुझ्या बांधावरचा फणस उन्मळून गाडीवाटेवर आडवा पडला आहे. ऊसतोडीची टोळी १८ जानेवारीला येणार. ट्रॅक्टर-ट्रॉली फडापर्यंत गेली नाही तर टोळी पुढच्या शेताला जाईल आणि तुझा ऊस उभाच राहील. पिराजी दाजींचं झाडं कापायचं मशीन चालू आहे, पण ज्या लांब पोलादी पट्टीभोवती साखळी फिरते ती पट्टी ‘खराब झाली’. ती मी कोल्हापुरातून घेऊन पाठवायची. मापाबद्दल तू लिहिलं आहेस, ‘अडीच वीत. चांगल्यातली बघ.’

माझा प्रश्न असा, की वीत कुणाची? माझी वीत साडेसात इंच भरते. सोनमची साडेसहा. (तिची मी एकदाच मोजली, खात्रीसाठी पुन्हा मोजू लागलो तेव्हा तिनं हात काढून घेतला.) म्हणजे अडीच वीत माझ्या हातानं पावणेएकोणीस इंच होतात आणि तिच्या हातानं सव्वासोळा. चुकीच्या मापाची पट्टी घेऊन तुझं काम अडवण्यापेक्षा विचारलेलं बरं.

सोनम म्हणते, ‘जुनी पट्टीच मागवून घ्या की नमुन्याला.’ हे मला सुचायला हवं होतं. आकारामबरोबर पाठवून दे. आणि ‘खराब’ म्हणजे नेमकं काय, तेही लिही.

तुझा,
प्रसेनजीत


वाडीवरनं, ता. गगनबावडा
१२ डिसेंबर

प्रसेन,
जयभीम. तुझं पत्र मिळालं. मी एका चिठ्ठीत जे मागिटलं, ते तू तीन पानांत परत मलाच सांगिटलंस. पट्टी कुठाय?

वीत माझी. आनि कुणाची असनार. पत्रासंगं माझा हात काढून पाटवलाय, चुलीतल्या कोळशानं. अंगठ्याच्या टोकापासनं करंगळीच्या टोकापतोर मोज. बोटं बगून हसू नको, तण भांगलून भांगलून तसली झाल्यात.

जुनी पट्टी पाटवाय येत न्हाय. गाडीत हत्यार घेत न्हाईत. खराब म्हंजे खराब. झिजली.

शेजारचा हंबीरराव रोज वाटंवर थांबतोय. त्येचंबी मशीन हाय. म्हनतोय, ‘वैनी, मी कापून देतो, खोड तेवढं मला द्या.’ खोड कशाला दिऊ? ह्यांनी जिवंत असताना शब्द दिलाय, ह्या फणसाची दारं विहाराला लावायची म्हनून. हंबीरराव काय, फळ्या काढून कपाटं करंल. मी म्हटलं, ‘भावजी, झाड माझं, बांध माझा, तुमी तुमच्या वाटंनं जावा.’ तर म्हनला, ‘वाट हीच हाय की वैनी, आन हीच बंद हाय.’

ह्यांच्या पुण्यानुमोदनाला तू आला न्हाईस, ते मी इसरलो न्हाय. पर आदी पट्टी. अठरा तारीख ध्यानात ठेव.

आक्काताई


शिवाजी पेठ
२० डिसेंबर

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम.

हात मिळाला. हसलो नाही. वीत नऊ इंच भरली. कोळशाच्या रेघेच्या बाहेरून मोजली तर सव्वानऊ होते, पण रेघ म्हणजे हात नव्हे, म्हणून आतून मोजली. अडीच वीत म्हणजे साडेबावीस.

आमच्या पेठेत धैर्यशील म्हणून एकजण आहे. गवत कापायची, झाडं कापायची मशीनं विकतो, दुरुस्त करतो. त्याच्याकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा दुकान बंद होतं, कारण त्याच्या तालमीच्या फुटबॉल संघाची मॅच होती. दुसऱ्यांदा बंद होतं, कारण मॅच हरले होते. तिसऱ्यांदा भेटला. मी तुझा हात काउंटरवर पसरला. त्यानं बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, ‘सर, आपण भविष्य बघत न्हाय.’ सगळं समजावल्यावर म्हणाला, ‘बावीस इंची बार. चला, कुठला देऊ?’

पट्टीला हे लोक बार म्हणतात. परवा मी कॉलेजातून येताना त्यानं भर गल्लीत मला हाक मारली, ‘सर, तुमचा बार काढून ठेवलाय, संध्याकाळी या.’ मी पंचशील पाळणारा माणूस. तेव्हापासून समोरचे शेजारी रोज संध्याकाळी माझी चाल बघतात.

तर पट्ट्या तीन प्रकारच्या निघाल्या. पहिली एकसंध पोलादाची, पुढचं नाक अखंड. माती-वाळू लागली तरी तिला काही होत नाही, पण साखळी नाकावर घासत जाते आणि तापते. दुसरीच्या नाकात एक बारीक चक्री असते. साखळी तिच्यावरून हलकी फिरते, पण चक्रीला रोज वंगण द्यावं लागतं. तिसरी पातळ पत्रे एकावर एक जोडून केलेली. वजनाला हलकी, हाताला बरी. मात्र लाकडात अडकून एकदा पिळली की पुन्हा सरळ होत नाही. तू पट्टी पिळशील असं मला मुळीच वाटत नाही, तरी विचारून ठेवतो.

दुसरी गोष्ट मनात आली ती लिहावी की नाही असा दोन दिवस विचार केला. पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला तर मशीन उसळून अंगावर येतं. नाक जितकं रुंद तितकं जास्त. तू अठ्ठावन्न वर्षांची. तुला कापू नको म्हणायचा मला अधिकार नाही. पण मीच आणून दिलेल्या पट्टीनं काही झालं तर? म्हणून तिन्हींच्या नाकांची रुंदी मोजली. धैर्यशील म्हणाला, ‘सर, लग्नाला पोरगी बघताना एवढं बघितलं हुतं काय?’ मी आठवून खरं ते सांगितलं, की नाही. हे सोनमला सांगायला नको होतं.

तर कळव. आणि जुन्या पट्टीच्या शेपटीकडे एखादा नंबर कोरलेला असेल तर तोही.

तुझा,
प्रसेनजीत


वाडीवरनं
२४ डिसेंबर

प्रसेन,
नाक कसलंबी असूंदे. मला काय तिला नथ घालायची हाय?

चक्रीची घे. वंगान घालीन मी. रोज म्हस धुतो, चक्रीला वंगान घालाय काय हुतंय. जुनीवरचा नंबर पुसलाय. पिळायचं काय इचारतोस, पट्टी म्हंजे काय धुनं हाय व्हय?

आन अठ्ठावन न्हाय, सत्तावन.

आक्काताई


शिवाजी पेठ
३० डिसेंबर

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम.

वयाबद्दल क्षमस्व. डायरीत दुरुस्ती केली.

चक्रीच्या नाकाची, बावीस इंची पट्टी घेतली. तीन रुंदींत तिचं नाक सगळ्यांत अरुंद होतं. परवा ती वर्तमानपत्रात गुंडाळून आकारामच्या घरी द्यायला गेलो. तो जेवत होता. सहज म्हणाला, ‘ताईंच्या फणसात गांधीलमाशा झाल्यात म्हणं, सर. पोतं टाकून झाकलंय. जवळ कुणाला येऊ देत न्हाईत.’

हे तू मला का कळवलं नाहीस? चालू मशीनच्या आवाजानं गांधीलमाशा चवताळतात. हातात मशीन असताना एक जरी चावली तरी माणूस हात झटकणार. मी पट्टी परत घरी आणली. ती कपाटावर आहे. ग्रंथालयात कीटकांवरची दोन पुस्तकं होती, ती वाचून काढली. सांज झाल्यावर माशा पोळ्यात शिरतात, तेव्हा लांबून धूर करायचा आणि हे काम माहितगारालाच द्यायचं. सगळं वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलं आहे. माशा गेल्याचं कळव, दुसऱ्या दिवशी पट्टी पाठवतो. उशीर होतो आहे हे मला कळतं. पण ऊस आणि तू यांत मला निवड करायला लागली तर ती अवघड नाही.

जाता जाता आकारामला हत्याराबद्दलही विचारलं. तो म्हणाला, त्याच्या गाडीतून आजवर नांगराचे फाळ गेलेत, कोयते गेलेत आणि एकदा एक बोकड गेला, त्याचं अर्धं तिकीट काढावं की नाही यावरून गाडीत दोन गट पडले होते. मग जुनी पट्टी का नाही, हे मला समजलं नाही. तुझं काही कारण असेल.

तुझा,
प्रसेनजीत


वाडीवरनं
२ जानेवारी २०२५

प्रसेन,
माशा न्हाईत.

पोत्याखाली पट्टी हाय.

आता सांगतो ते तुज्यापाशी ठेव. दिवाळीनंतर मी एकटाच कापाय गेलतो. खोड दोन्ही टोकांना बांधावर टेकलंय, मदी वाट. मी वरनं कापत गेलो. निम्म्यावर गेलो न्हाय तवर कापलेली फट मिटली आन पट्टी आत धरली. मशीन सोडवून काढलं, पट्टी ऱ्हायली झाडात. हंबीरराव यायच्या आत काढायची म्हनून शेपटाला दावं बांधलं आन दाव्याचं दुसरं टोक म्हशीला. म्हस तशी गरीब. पर त्या दिशी काय तिच्या मनात आलं कुनास ठावं, असला जोर केला की दावं तुटलं आन पट्टी झाडातच इळ्यागत वाकली.

आता वाटंवर झाड, झाडात वाकडी पट्टी. येनारा जानारा बगनार. म्हनून पोतं टाकलं. पोतं का टाकलं इचारतील म्हनून गांधीलमाशा सांगिटल्या. आता समदी वाडी लांबनं जातीया. हंबीरराव तोंडाला टॉवेल गुंडाळून पळत जातोय, तेवढंच एक बरं झालंय.

तुला सांगिटलं न्हाय, कारन तू इचारनार, पाचर का मारली न्हाईस. माप मातर खोटं न्हाय. फटीच्या कडंनं, शेपटापासनं नाकापतोर, नीट अडीच वीत.

मी माझं सांगिटलं. आता तू उरलेल्या दीड वर्साचं सांग. आन पट्टी पाटव. तुझा धुराचा कागद चुलीला घातला.

आक्काताई


शिवाजी पेठ
४ जानेवारी

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम.

पट्टी या पत्रासोबत आकारामकडे दिली आहे.

पाचर का मारली नाहीस, हे मी विचारणार नाही. (दोन्ही टोकांना टेकलेलं खोड वरून कापलं की वरची फट मिटत जाते. आधी वरून चार बोटं कापायचं, मग खालून वर येत जायचं. हे मी फक्त माहितीसाठी लिहितो आहे.)

माझ्या दीड वर्षाचं पुढं कधीतरी. आधी झाड होऊ दे.

सोनमला म्हशीचं सांगितलं नाही. ती पत्र वाचत असताना मी फक्त शेजारी बसलो होतो.

तुझा,
प्रसेनजीत


वाडीवरनं
७ जानेवारी

प्रसेन,
पट्टी मिळाली. देखनी हाय. आन उपेग न्हाय.

ह्यांनी माळ्यावर एक कोरी साखळी ठेवलीया, आमच्या जुन्या पट्टीच्या मापाची. ती नव्या पट्टीवर घालाय गेलो तर पुरंना. अर्धी वीत कमी पडतीया. मी वडतोय, तानाबाई वडतीया. हंबीरराव आला. माशा न्हाईत त्येला आता कळलंय. उभा ऱ्हाऊन बगितलं आन म्हनला, ‘वैनी, साखळी धुतली काय? आटलेली दिसतीया.’ तानाबाई माझीच मैतरीन, तीबी हासली.

त्येच्यापरीस वाईट सांगतो. टोळीचा मुकादम सम्राट येऊन गेला. अठराला न्हाय, सोळालाच येतोय. म्हनला, ‘सोळाला सकाळी वाट मोकळी दिसली तर ट्रॉली आत, न्हाईतर आमी पुडं.’ हंबीररावानं त्येच्यादेखत सांगिटलं, पंधराला सांजपतोर मला बोलवा, मशीन घिऊन उभा ऱ्हातो, खोड माझं. मी हू म्हटलं न्हाय, न्हाय बी म्हटलं न्हाय.

मी चुकलो का तू चुकलास, एवढं बग.

आक्काताई


शिवाजी पेठ
९ जानेवारी

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम.

मी चुकलो.

तुझं पत्र धैर्यशीलला वाचून दाखवलं, म्हशीचा भाग वगळून. तो ‘शेपटापासनं’ या शब्दाशी थांबला. म्हणाला, ‘सर, शेपूट मशीनच्या पोटात जातंय. बार भाईर जेवढा येतोय तेवढाच मोजायचा. ताईंनी शेपटासकट मोजलाय.’ म्हणजे तुझ्या साडेबावीस इंचांतले साडेचार शेपटाचे. पट्टी हवी होती अठराची.

शेपटापासून मोजलं असं तू दोन तारखेला लिहिलं होतंस. ते मी वाचलंही होतं. गेल्या महिनाभरात पट्टीच्या नाकावर माझ्या डायरीची अकरा पानं भरली आहेत आणि मोजायचं कुठून, हा एक प्रश्न कुठंच नाही. शिवाय मी तुझ्या वितीच्या मागं न लागता पहिल्याच दिवशी माझ्या हातानं मोजून पट्टी आणली असती, तर पावणेएकोणीसच्या जवळची म्हणून अठराचीच मिळाली असती. इतक्या काळजीनं मी चूक शोधून काढली, की ती आळशी माणसाला सापडलीच नसती. हे लिहिताना मला हसू आलं, आणि मग तुझी सोळा तारीख आठवून ते गेलं.

आता परत हातानं मापायचं नाही. त्या कोऱ्या साखळीचे दात मोज. धारेचे नव्हेत, आतल्या बाजूला जे खाली निघालेले असतात, पट्टीच्या खाचेत बसणारे, ते. एका दाताला खडूनं खूण कर, म्हणजे फिरून तिथंच आल्याचं कळेल. आकडा कळव आणि बावीसची पट्टी परत पाठव. धैर्यशील बदलून देतो म्हणाला आहे.

तुझा,
प्रसेनजीत


वाडीवरनं
११ जानेवारी

प्रसेन,
खडू न्हवता, हळद लावली.

मी मोजलं, एकाहत्तर. परत मोजलं, बहात्तर. तानाबाईनं मोजलं, एकाहत्तर. हंबीररावानं इचारल्याबिगर मोजलं, बहात्तर, पर त्यो हंबीरराव हाय. हळद पुसत गेली ही खरं.

कुठला धरायचा ते तू ठरव, तू शिकलायस. पट्टी परत पाटवलीया.

काल विहारातनं सुतार येऊन गेला, खोडावर हात फिरवून. म्हनला, ‘दोन दारं निगतील आक्का, आन वर चौकट.’ मी म्हशीला वैरण टाकाय गेलो.

आक्काताई


शिवाजी पेठ
१४ जानेवारी, संध्याकाळ

ती. आक्काताईस,
सप्रेम जयभीम.

बारा तारखेला दुकान बंद होतं, मॅच होती. काल बंद होतं, कारण या वेळी जिंकले. आज दुपारी उघडलं. धैर्यशीलच्या कपाळावर अजून गुलाल होता. मी एकाहत्तर आणि बहात्तर हे दोन्ही आकडे, कुणी किती वेळा मोजले त्यासह, त्याच्यासमोर ठेवले. तो म्हणाला, ‘एकाहत्तरची साखळी आपण आजपतोर बघितलेली न्हाय. बहात्तर. अठरा इंची.’ मी हंबीररावाच्या हेतूबद्दलची शंका त्याला सांगितली. म्हणाला, ‘सर, माणूस कसलाबी असूंदे, बहात्तरपतोर मोजाय येतंय त्येला.’ तरीही मी थांबलो. तेव्हा त्यानं स्वतःकडची बहात्तर दातांची साखळी माझ्यासमोर अठराच्या पट्टीवर चढवून, फिरवून दाखवली. मग घेतली. नाकात चक्री आहे. रुंदी मोजली नाही.

पट्टी घेऊन आकारामकडे गेलो. त्याची बायको म्हणाली, आजपासून त्याला सांगलीच्या गाडीवर टाकलं आहे. दुसऱ्या कंडक्टरची ओळख नाही. पार्सलानं दिली तर उद्या पोचेलच असं कुणी सांगत नाही, आणि उद्या सांजेला हंबीरराव मशीन घेऊन येणार.

घरी येऊन हे सगळे मार्ग कागदावर मांडत होतो. सोनम भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तुम्ही का जात नाही?’

मी म्हणालो, कॉलेज आहे.

‘रजा टाका की.’

मी कागदावर आणखी एक मार्ग लिहायला घेतला. ती म्हणाली, ‘त्या वेळी पण असंच केलंत,’ आणि भाजी घेऊन आत गेली.

तेव्हा आता ते लिहितो. दाजींच्या पुण्यानुमोदनाला मी निघालो होतो, आक्काताई. गाडीत बसलो होतो. तुम्ही मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतंत, ते मी चार पानं लिहून खिशात घेतले होते. फुलेवाडीच्या आसपास पुन्हा एकदा वाचले. तिसऱ्या परिच्छेदात मी लिहिलं होतं, ‘ते अत्यंत मितभाषी होते.’ वाचल्याबरोबर लक्षात आलं, की हे खरं नाही. दाजी सकाळी उठल्यापासून बोलत असत. म्हशीशी बोलत, मशीनशी बोलत. कुणी गेलं की आपण असं वाक्य लिहितो, तसं मी ते लिहून टाकलं होतं. खोटं वाक्य घेऊन त्यांच्या लोकांसमोर उभं राहायचं नाही, म्हणून दुरुस्त करायला उतरलो. चहाच्या गाड्यावर बसलो. पुढच्या गाडीनं जाईन असं ठरवलं. ती आली तेव्हा दुसरा परिच्छेदही बरोबर वाटेना. तिसरी गाडी गेली. संध्याकाळ झाली तेव्हा चारही पानं खोडून झाली होती आणि तुमचा कार्यक्रम संपला होता. घरी येऊन सोनमला गाडी चुकली असं सांगितलं. तिनं खरं मानलं नाही, पण पुन्हा विचारलंही नाही. तुला तेही सांगितलं नाही. पुढं जितके दिवस गेले तितकं पत्र लिहिणं अवघड झालं. दीड वर्षाचं कारण एवढंच आहे. खरं तर तीनही वर्षांचं हेच.

हे तुझ्यासमोर बोलायला गेलो तर मी पहिलंच वाक्य दुरुस्त करत बसेन. म्हणून लिहून आणतो. हे पत्र मीच घेऊन येणार आहे, तेव्हा पत्र आणि मी एकदमच पोचू. तू वाचत असताना मी म्हशीकडे जाऊन उभा राहीन. वाचून झालं की रागव, किंवा राग राहू दे आणि आधी झाड काप. तुझ्या हाती असेल ते. पट्टी तू चढव. पाचर कुठं धरायची ते सांग, मी धरीन. तुझ्या कापण्याबद्दल काही सुचलं तर मनात ठेवायचा प्रयत्न करीन.

उद्या दुपारपर्यंत एक काप जरी आरपार गेला तरी सांजेला हंबीररावांना आपण दोघं मिळून चहा देऊ.

तुझा,
प्रसेनजीत

उद्याचं काम: सकाळी सहा चाळीसच्या गगनबावडा गाडीत बसणे, आणि बसून राहणे.